सावित्रीकाठचा मुक्काम : महाड आणि पोलादपूर

महाड हे सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले, रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव आहे. समुद्र येथून बराच लांब असला, तरी बाणकोटच्या खाडीतून आत शिरणारे भरतीचे पाणी गावाच्या काठापर्यंत चढते. आणि पूर्वेकडे सह्याद्रीची मुख्य रांग इतकी जवळ आहे की महाबळेश्वरच्या पठारावर कोसळलेला पाऊस काही तासांत गावाच्या वेशीवर येऊन उभा राहतो. पोलादपूर त्याच सावित्रीच्या वरच्या अंगाला, घाटांच्या पायथ्याशी आहे. या दोन गावांत नोकरीधंद्यानिमित्त राहायला येणाऱ्या माणसाला येथील लहानमोठ्या सुखांची ओळख ज्या क्रमाने होते, तो क्रम बहुतांशी पाण्यानेच ठरवलेला असतो. पाणी कोठून येते आणि ते कोणाचे आहे, हे समजत जाणे म्हणजेच येथे रुळणे, असे या भागाचा परिचय वाढेल तसे अधिकाधिक वाटू लागते.

बाहेरून येऊन येथे राहणाऱ्यांची संख्या लहान नाही. बिरवाडीच्या बाजूला असलेल्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत कामाला येणारे तंत्रज्ञ आणि कामगार, तहसील व प्रांत कचेरीत, बँकांत, शाळा-महाविद्यालयांत बदलीवर येणारे कर्मचारी, एसटीच्या आगारातील चालक-वाहक असे अनेक जण येथे काही वर्षांच्या हिशेबाने येतात आणि त्यांपैकी काहींचा हिशेब निवृत्तीपर्यंत लांबतो. कोकण रेल्वे गावाला बाजूला ठेवून गेली असल्यामुळे रेल्वेने येणाऱ्याला वीर स्थानकावर उतरून पुढे रस्ता धरावा लागतो. बहुसंख्य लोक मुंबई-गोवा महामार्गानेच येतात. भाड्याचे घर पाहताना इतरत्र उजेड, वारा आणि नळाचे पाणी यांची चौकशी होते. महाडमध्ये त्याआधी पुराचे पाणी कोठपर्यंत येते हे विचारले जाते आणि घरमालकही ते न लपवता भिंतीवर हात ठेवून दाखवतो. २००५ चे पाणी कोणत्या पायरीला होते आणि २०२१ चे खिडकीच्या वर किती गेले होते, हे जुन्या बाजारपेठेतील कोणालाही सांगता येते, आणि ते ऐकणे हा नवागताचा या गावातील पहिला धडा असतो.

या चौकशीमागचे कारण भूगोलात आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री कड्यांवरून पोलादपूर तालुक्यात उतरते, तर रायगडाच्या बाजूने येणाऱ्या काळ आणि गांधारी या नद्या महाडच्या परिसरात तिला मिळतात. या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उगमापाशी तो पाच हजारांच्याही पुढे जातो. हे सारे पाणी एकाच वेळी सखल भागात उतरत असताना खाडीत भरती असली, तर त्याला पुढे सरकायला वाट राहत नाही आणि ते बाजारपेठेत शिरते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये येथील माणूस पावसाच्या जोडीने भरतीची वेळही पाहतो. सावित्रीची इशारा पातळी सहा मीटर आणि धोका पातळी साडेसहा मीटर आहे, हे आकडे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. पाणी वाढू लागले की दुकानदार माल पोटमाळ्यावर चढवतात, म्हणजे छपराखाली लाकडी तक्तपोशी टाकून केलेल्या अर्ध्या मजल्यावर नेतात, गाड्या उंचावरच्या रस्त्याला लावल्या जातात आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांत खालच्यांच्या गाद्या व धान्याचे डबे येऊन पडतात. जुलै २०२१ मध्ये हे सर्व करूनही फारसा उपयोग झाला नाही, इतके पाणी चढले. त्याच पावसात २२ जुलैला महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. या भागातील दैनंदिन सुखांविषयी लिहिताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही, कारण येथील शेजारधर्म ज्या तत्परतेने नव्या माणसाला आपल्यात ओढून घेतो, ती तत्परता अशा रात्रींतून आलेली आहे. एका पावसाळ्यात शेजाऱ्याच्या घरातील तांदळाची गोणी जिना चढवून दिली की बिऱ्हाडकरूचे परकेपण संपते.

महाडची बाजारपेठ ही मुळात बंदराची बाजारपेठ होती. भरतीचे पाणी धरून गलबते खाडीतून वर येत. घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या पाठीवर लादून वरंध्यासारख्या घाटवाटांनी खाली उतरे, आणि मीठ व सुकी मासळी त्याच वाटांनी देशावर जाई. या गावाचे राजकीय महत्त्वही त्याच स्थानातून आले. १७९६ मध्ये पुण्यातील सत्तास्पर्धेच्या काळात नाना फडणवीस येथे येऊन राहिले होते आणि निजामाशी झालेला त्या वर्षीचा तह महाडच्या नावानेच ओळखला जातो. गलबते थांबली, घाटात मोटारी आल्या, तरी बाजाराची जुनी रचना पूर्ण पुसली गेलेली नाही. सुकट गल्ली हे नाव त्याची खूण आहे.

या गल्लीचा खरा हंगाम एप्रिल-मे महिन्यांत असतो, कारण त्या दिवसांत रायगड जिल्ह्यात घरोघर आगोट भरली जाते. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी लागणारे धान्य, कडधान्य, मसाला, आमसुले, पापड, सरपण आणि सुकी मासळी आधीच घरात आणून ठेवणे याला आगोट म्हणतात. देशावरून आलेल्या कुटुंबाला आरंभी सुक्या मासळीचा वासच तेवढा जाणवतो; पण विकणारणीच्या समोर थोडा वेळ उभे राहिले की त्या वासाचेही प्रकार असतात हे लक्षात येते. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी. ती मुठीत घेऊन हलकेच चोळली की बोटांना वाळू लागते की नाही, यावरून ती स्वच्छ जागी वाळवली की किनाऱ्यावर पसरली, हे कळते. बोंबील मोडून पाहायचा असतो. चांगला वाळलेला कट्कन मोडतो, आत ओल राहिलेला वाकतो आणि असा बोंबील श्रावणापर्यंत टिकत नाही. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, सर्वांत महाग असल्यामुळे त्यांचा रंग उजेडात धरून पाहिला जातो, कारण जुन्या सोड्यांचा गुलाबी रंग उतरून ते काळपट पडतात. घरी आणल्यावर ही सर्व मासळी पुन्हा दोन-तीन कडक उन्हे देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरली जाते. विकणारी बाई गिऱ्हाईक नवे आहे हे ओळखून या सूचना स्वतःच देते, आणि पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक आपण होऊन बोंबील मोडून पाहू लागले की भावात थोडे उतरते. पावसाची झड लागून ताजी भाजी मिळेनाशी झाल्यावर, कांदा आणि आमसूल घालून परतलेला जवळा आणि उकड काढून केलेली तांदळाची भाकरी हे जेवण किती पुरेसे असते, ते त्या दिवसांत कळते.

पहिल्या पावसाबरोबर बाजाराचे रूप बदलते. खाडीतले व नदीतले मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून आणि शेतांच्या बांधांवरून वर चढू लागतात, त्यांना वळगणीचे मासे म्हणतात; रात्री बत्त्या घेऊन ते धरायला सारा गाव शेतात लोटतो, आणि त्याच रात्रींत मुठे, म्हणजे शेतातले व ओढ्यातले खेकडे, बाहेर पडतात. अंड्यांवर आलेले मासे असे सरसकट धरण्याने पुढच्या वर्षीची पैदास घटते, हे जाणत्यांना ठाऊक आहे. ही गोष्ट मोकळेपणाने बोलली जाऊ लागली आहे हे चांगलेच आहे. भाज्यांच्या बाबतीत मात्र रानाने अजून हात आखडता घेतलेला नाही. कातकरी बायका डोंगरातून खुडून आणलेल्या रानभाज्यांचे वाटे रस्त्याच्या कडेला पोत्यावर मांडून बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आणि कंटोळी यांची नावे नवागताला हळूहळू पाठ होतात. परंतु शेवळे या भाजीची गोष्ट निराळी आहे. सुरणाच्या कुळातील या वनस्पतीचे जांभळट कोंब पावसाच्या तोंडाशी, फार थोडे दिवस मिळतात आणि ते नुसतेच शिजवले तर घशाला खाज सुटते. म्हणून त्यांच्या शेजारी काकड नावाची आवळ्याएवढी हिरवी आंबट फळे विकायला ठेवलेली असतात, कारण काकडाच्या आंबटपणानेच ती खाज मरते. विकणारी बाई काकड घेतल्याशिवाय शेवळे देत नाही. शाळेत न गेलेल्या या स्त्रियांकडे रानाचे जे ज्ञान आहे, ते कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात पूर्णपणे उतरलेले नाही, आणि त्या ज्ञानाची किंमत त्यांना वाट्यामागे मिळणाऱ्या थोडक्या रुपयांत होते, ही खंत येथे नोंदवायला हवी.

पावसाळा सरला की नदी शांत होते आणि तिचे दुसरे रहिवासी दिसू लागतात. महाडच्या आसपास सावित्रीच्या पात्रात मगरी आहेत; थंडीच्या दिवसांत ऊन चढल्यावर त्या काठावरच्या चिखलात अंग शेकत पडतात आणि दादली पुलाच्या परिसरात थांबून लोक मुलांना त्या दाखवतात.

महाड हे तळ्यांचेही गाव आहे. विरेश्वराचे तळे, कोटेश्वरी तळे, हापूस तळे आणि चवदार तळे ही त्यांतील ठळक नावे होत. खाडीचे पाणी भरतीबरोबर मचूळ होणाऱ्या गावात गोड्या पाण्याच्या तळ्याचे मोल केवढे असले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको. संध्याकाळी चवदार तळ्याच्या काठी माणसे फिरायला येतात, म्हातारी माणसे पायऱ्यांवर बसतात, परीक्षा जवळ आलेली मुले पुस्तके घेऊन येतात, तान्ह्या मुलांना पाणी दाखवायला आणले जाते. इतर कोणत्याही गावात तळ्याकाठी दिसावे तेच हे दृश्य आहे. परंतु पाण्याकाठी निर्धास्त बसण्याचे हे साधे सुख या जागी लढून मिळवावे लागले आहे, आणि म्हणून महाडमध्ये राहायला आलेल्याने त्याचा इतिहास तपशिलाने समजून घेणे आवश्यक ठरते.

मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव १९२३ मध्ये संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजांनाही खुली असावीत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. इतर धर्मांचे लोक जे पाणी भरत होते, गुरेढोरे जे पीत होती, त्याला हात लावण्याची मुभा गावातल्याच काही माणसांना नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या संघटनेत रामचंद्र बाबाजी मोरे यांचा मोठा वाटा होता, आणि सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्तेही तिच्या पाठीशी उभे होते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मागे परिषदेचे हजारो प्रतिनिधी बाजारपेठेतून शिस्तीने चालत तळ्यावर गेले. त्यांनी ओंजळीत पाणी घेतले आणि ते प्यायले. त्यानंतर विरेश्वराच्या मंदिरात हे लोक घुसणार, अशी अफवा उठवून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले करण्यात आले, आणि पुढे तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची तथाकथित शुद्धी करण्यात आली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. तिच्यासाठी आलेली मंडळी मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरली आणि तेथून चालत महाडला पोहोचली. गावात सभेसाठी जागा मिळू दिली जात नसताना एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. न्यायालयाचा मनाई हुकूम असल्यामुळे तळ्यावर पाणी भरण्याचा कार्यक्रम स्थगित ठेवण्यात आला. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृतीचे दहन मात्र झाले. तळ्याचा दावा खालच्या न्यायालयातून वर जात मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला आणि १७ मार्च १९३७ रोजी त्याचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी होती, हे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही. ओंजळभर पाण्यापासून न्यायालयाच्या निकालापर्यंत दहा वर्षे जावी लागली. आज २० मार्चला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लोक तळ्यावर येतात, त्या दिवशी गावातले रस्ते पुस्तकांच्या दुकानांनी भरून जातात, आणि वाचनाची आवड असलेल्या स्थानिक माणसाला वर्षभर पुरेल एवढी पुस्तके एका दिवसात चाळायला मिळतात. ही पुस्तकांची जत्रा हे महाडमध्ये राहण्याचे एक मोठे सुख आहे, आणि येथील रहिवाशांपैकी जे त्या दिवशी दारे लावून घरात बसतात, ते आपल्याच गावाच्या सर्वांत मोठ्या वारशाला मुकतात.

पाणी सार्वजनिक करण्याची कल्पना या परिसरात फार जुनी आहे, याचा पुरावा गावापासून तीनेक किलोमीटरवर, महामार्गालगतच्या गांधारपाले येथील लेण्यांत आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत डोंगराच्या पोटात कोरलेल्या सुमारे तीस बौद्ध लेण्यांचा हा समूह असून, त्यातील एका शिलालेखात काणभोज विष्णुपालित या कुमाराने लेणे, चैत्यगृह आणि भिक्षूंच्या खोल्यांबरोबर पाण्याच्या पोढी दान केल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे कातळात कोरलेली पाण्याची टाकी. डोंगरावरून झिरपणारे पाणी तीत साठे आणि ते विहारातील भिक्षूंच्या व वाटसरूंच्या कामी येई. सकाळच्या उन्हात पायऱ्या चढून वर गेले की लेण्याच्या ओसरीतून दोन्ही नद्यांची वळणे, मधली भातखाचरे आणि पलीकडचे गाव एका नजरेत येते. महाडचा नकाशा समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही, आणि रविवारच्या फेरफटक्यालाही नाही.

रायगडाला जाणारा प्रवासी महाडला चहा घेतो आणि पुढे निघून जातो. त्या रस्त्यावर नाते हे गाव लागते, जेथे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा १८९६ मध्ये जन्म झाला. पुढे पाचाडला जिजाबाईंची समाधी आहे. गडाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या मागच्या अंगाला काळ नदीच्या पात्रातील वाळणकोंडाविषयी मात्र फार थोडे लिहिले गेले आहे, आणि महाडला राहणाऱ्यांना तो सापडतो तोही बहुधा कोणा स्थानिकाच्या सांगण्यावरूनच. कोंड म्हणजे नदीच्या पात्रातील खोल डोह. वाळणच्या कोंडाच्या काठी वरदायिनी देवीचे ठाणे आहे आणि डोहातले मासे देवीचे मानले जात असल्यामुळे त्यांना कोणी धरत नाही. काठावरून चुरमुरे टाकले की प्रथम वरच्या पाण्यातली लहान मासोळी धावून येते, मग त्याखालून मध्यम आकाराचे मासे वर सरकतात आणि अखेरीस, थोडा वेळ थांबण्याची तयारी असेल तर, तळातून महाशीर वर येतात. हातभर लांबीच्या त्या माशांचे रुंद खवले पाण्याच्या पृष्ठभागाखाली एकदा चमकतात आणि पाठ वळवून ते पुन्हा खोल जातात. गोड्या पाण्यातला हा मासा अनेक नद्यांतून बेसुमार मासेमारीमुळे आणि दूषित पाण्यामुळे नाहीसा होत असताना येथे तो केवळ गावाच्या श्रद्धेने टिकला आहे. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने सावित्रीच्या खालच्या पात्राचे काय झाले आहे, हे पाहिलेल्या माणसाला वाळणकोंडाचा तळ दिसणारा डोह पाहताना आनंदाइतकाच विषादही होतो.

महाडहून पोलादपूर रस्त्याने वीसेक किलोमीटरवर आहे. वाटेत सावित्रीवरचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री येथील ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल महापुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बसगाड्या व इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी, जून २०१७ मध्ये नवा पूल सुरू झाला. पूल पार करताना आजही गाडीतले कितीतरी प्रवासी नदीकडे पाहून हात जोडतात.

पोलादपूर हे महाडपेक्षा पुष्कळ लहान, आणि स्वभावाने वेगळे गाव आहे. महाड खाडीकडे तोंड करून बसले आहे, तर पोलादपूर घाटांकडे. पूर्वेला आंबेनळी घाट प्रतापगडाच्या कुशीतून महाबळेश्वरला चढतो आणि दक्षिणेला कशेडीचा घाट रत्नागिरी जिल्ह्यात नेतो. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यानंतर थांबण्याचे ठिकाण म्हणून हे गाव वाढले, आणि त्यामुळे येथील चहाची दुकाने रात्री उशिरापर्यंत जागी असतात. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घाट उतरून त्याच दिवशी येथे पोहोचते. शिवकालाचा अभ्यास करणाऱ्याला येथे आणखी एक ठेवा सापडतो. शिवाजी महाराजांच्या जीवनावर ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे, आणि तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. या दोन्ही ठिकाणी गर्दी नसते, त्यामुळे शाळकरी मुलांना घेऊन शांतपणे बसता येते.

पोलादपूर तालुक्यातील जगण्याची खरी ओळख मात्र वस्तीच्या गाडीतून होते. संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून सुटून शेवटच्या खेड्यात मुक्काम करणाऱ्या आणि पहाटे तेथून परत निघणाऱ्या एसटीला वस्तीची गाडी म्हणतात. या गाडीत शाळेतून परतणाऱ्या मुली, दवाखान्यातून आलेले म्हातारे, बाजाराच्या पिशव्या, एखादे कोंबडे आणि मुंबईहून आलेले चाकरमानी असे सारे एकत्र असतात. खेड्यांतील तरुण कामासाठी मुंबई-पुण्यात असल्यामुळे घरे वर्षातील बराच काळ म्हाताऱ्यांच्या ताब्यात असतात आणि गणपती, शिमगा व मे महिना या तीन वेळांना ती भरतात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. गावात भाड्याने राहणाऱ्या शिक्षकाच्या किंवा परिचारिकेच्या दारातही ती येते, आणि पालखी येण्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या बायका ओटीचे साहित्य काय लागेल, नारळ किती हवेत, पाय धुवायला पाणी कोठे ठेवायचे, हे आपण होऊन येऊन सांगतात.

शिमगा झाला की उन्हे तापतात, आणि तेव्हा या तालुक्याची सर्वांत अनपेक्षित बाजू नवागतासमोर येते. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या डोंगरात एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. उतार इतके तीव्र आहेत आणि कातळावरचा मातीचा थर इतका पातळ, की पावसाचे पाणी मुरण्याआधीच नदीला मिळून खाडीकडे निघून जाते. विहिरी आटतात आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा उकरून, त्यात हळूहळू झिरपणारे पाणी वाटीने हंड्यात भरावे लागते. ही रांग पहाटे लागते व ती जवळजवळ सगळी बायकांची असते. याच दिवसांत मुंबईकर सुट्टीला येतात, लग्ने निघतात, फणस उतरतात, करवंदे-जांभळांचे द्रोण रस्त्यावर येतात, आणि प्रत्येक घरात माणसे दुप्पट झाल्यामुळे पाण्याची ओढही दुप्पट होते. वाडीत राहणारा नवा शिक्षक टँकर कोणत्या वारी येतो, तो विहिरीत ओतला जातो की टाकीत, आणि टाकीच्या नळाची चावी कोणत्या घरी असते, हे तेव्हा शिकतो. त्या घरच्या वहिनींना आदल्या रात्रीच सांगून ठेवले तर त्याचे दोन हंडे बाजूला काढून ठेवलेले असतात.